लाल दिव्याचे घरगुती निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा इशारा देणारा दिवा असतो: लाल वर्तुळ, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले; हा मात्र सामान्य नागरिकाकडे कायम राहिला. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागतो, तो आजार नव्हे, हजेरी आहे. हजेरीलाही न लागणारा दिवा अधिक संशयास्पद, कारण तो स्वतःच निकामी झालेला असू शकतो. पण दिवा लागत नाही अशी तक्रार घेऊन गॅरेज गाठणारा मालक सहसा आढळत नाही.

निदान हँडब्रेकपासून सुरू होते. लिव्हर पूर्ण खाली आहे याबद्दल चालवणाऱ्याची खात्री असते, आणि ती पुष्कळदा एका खाचेने चुकलेली असते. लिव्हरच्या बुडाशी छोटा स्विच असतो; एक खाच वर राहिली तरी दिवा पेटलेलाच राहतो. अशा वेळी शेजारच्या सीटवरून ‘मी मघापासून सांगतेय’ हे वाक्य येते. तो निदानाचाच भाग समजावा.

हँडब्रेक निर्दोष सुटला तर बॉनेट उघडावे लागते. बॉनेट उघडताच सोसायटीच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञमंडळ भरते. पद्मिनी चालवलेले काका ‘आमच्या वेळी दिवे बघून गाडी चालवत नसत’ असे सांगतात. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला भाचा ‘सेन्सर गेला’ म्हणतो. हे दुसरे मत फार लोकप्रिय आहे, कारण ते मान्य केले की काहीच करावे लागत नाही.

मंडळ चर्चा करत असताना ब्रेक ऑइलची अर्धपारदर्शक डबी पाहून घ्यावी. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात, आणि गाडी सपाट जागी उभी असावी लागते. आतला फ्लोट पातळीबरोबर खाली गेला की दिवा लागतो. ताम्हिणी घाटातल्या वळणांवर लुकलुकणारा आणि सपाटीवर विझणारा दिवा बहुधा एवढेच सांगतो की पातळी काठावर आली आहे.

इथे घरगुती वैद्य हमखास घसरतो. तो बाटली आणतो, डबी भरतो, दिवा विझतो आणि सत्कार स्वीकारतो. परंतु ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते कमी झाले म्हणजे कुठेतरी गेले. एक तर ब्रेक पॅड झिजले, पिस्टन पुढे सरकले आणि त्यांच्या मागची जागा ऑइलने भरली. नाही तर गळती आहे. पॅड झिजलेले असताना डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि जादा ऑइल डबीबाहेर येते. ते रंगावर सांडले की रंग उचलते. सत्काराचा खर्च असा निघतो.

पॅड चाकाच्या फटीतून मोबाइलच्या टॉर्चने बऱ्याचदा दिसतात. पाठीचा पत्रा सोडून उरलेली जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असेल तर पॅड बदलावेत. गळती शोधायची तर चाकांची आतली बाजू पाहावी. मागे ड्रम असलेल्या लहान गाड्यांत व्हील सिलिंडर गळतात. पावसाळ्यात सगळेच ओले असते, पण पाणी वाळते, ब्रेक ऑइल बुळबुळीत राहते. शेवटी इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत पेडल एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू तळाला जात असेल तर मास्टर सिलिंडर आतून गळत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी डबी भरलेलीही असू शकते.

डबी भरलेली, पेडल घट्ट, हँडब्रेक खाली, तरी दिवा लागलेलाच, तर डबीचा कनेक्टर क्षणभर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत दिवा विझला तर फ्लोट अडकला आहे असे धरायला हरकत नाही. म्हणजे भाचा बरोबर होता. हे त्याला सांगणे ऐच्छिक आहे. लाल दिव्याबरोबर एबीएसचा पिवळाही लागला असेल तर घरचे निदान थांबते. तिथे स्कॅनर लागतो.

ऑइल झाकणावर लिहिलेलेच घ्यावे, आणि सीलबंद बाटलीतले. माळ्यावर दोन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली असतेच, आणि ती टाकून देणे मराठी घराला जमत नाही. पण हे द्रव हवेतली ओल शोषते: कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. इंजिन ऑइल तर मुळीच घालू नये, त्याने रबरी सील फुगतात.

पेडल मऊ लागत असेल, खाली जात असेल किंवा गळती दिसली, तर गॅरेज चौकात असले तरी गाडी चालवत नेऊ नये. टो करून न्यावी.