पाच एमबीचा तोरा

आमच्या कंपनीत सगळ्यात सडपातळ कंटेनर इमेज (म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान बांधलेलं गाठोडं) माझी आहे, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो. इतरांच्या इमेजा गिगाबाइटात मोजाव्या लागतात. माझ्या लाडकीचा पाया अल्पाइन लिनक्सचा, जेमतेम पाच एमबी. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ प्रभात'चा व्हिडिओसुद्धा याहून जड असतो. माझ्या बाकीच्या इमेजा डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आहेत, कारण ग्राहकांच्या जुन्या प्रोग्रामांचं अल्पाइनच्या मस्ल लायब्ररीशी पटत नाही. त्यांचा उल्लेख मी चारचौघांत टाळतो.

हा तोरा टिकवणं मात्र सोपं नाही. इमेज एकदा बांधली की आतली टाचणीही हलत नाही. तरी सोमवारी निष्कलंक असलेली इमेज गुरुवारी स्कॅनरखाली धरली की लालेलाल. आत काही बिघडलेलं नसतं, बाहेर कुणाला तरी एखादं जुनंच भोक सापडलेलं असतं. मग पाया बदला, पुन्हा बांधा, तपासा, वर ढकला. आणि 'लेटेस्ट' या चिठ्ठीवर भरवसा ठेवायचा नाही. ती नुसती चिठ्ठी. लावणारा विसरला की तिच्या नावावर शिळा मालही खपतो.

हे उद्योग मी येलदरीच्या घरी, ओसरीत बसून करत होतो. साडेबावीस मेगावॅटचं वीजघर हाकेच्या अंतरावर, आणि लॅपटॉप बॅटरीवर. धरणावर नोकरी करून रिटायर झालेले काका येऊन उभे राहिले.

"रात्रीपासून काय करायलास रे?"

"इमेजचा पाया बदलायलोय, काका."

"मग आता नवीन काय होणार?"

"काही नाही. कालच्यासारखंच चालणार."

"कालच्यासारखंच चालायचंय, तर मग बदलायलास कशाला?"

असल्या प्रश्नाला मीटिंगमध्ये माझ्याकडे स्लाइड असते. इथं धरण होतं. म्हटलं, वरच्या खडकपूर्णा धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडं चढतं, आपल्या वीजघरातून सुटलं की खाली सिद्धेश्वरला जातं. तसंच आहे हे. वरून येईल ते माझ्यात, माझ्यातून ग्राहकात.

"म्हणजे वरच्यानं गढूळ सोडलं की तुझं गढूळ."

"हो."

"मग वर कोण बसलंय?"

"डेबियन," म्हटलं, आणि इथं मी वाहवलो. डेबियनच्या आवृत्त्यांची नावं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि ऐकणारा सापडला की मी सोडत नाही. ही सगळी नावं 'टॉय स्टोरी'तली. तेव्हा डेबियनची धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि त्यांची नोकरी पिक्सारमध्ये. 1996 ला बझ निघाली आणि पायंडा पडला. 2019 ची बस्टर म्हणजे अँडीचा कुत्रा. 2021 ची बुल्सआय म्हणजे वूडीचा घोडा. 2023 ची बुकवर्म म्हणजे टॉर्च बाळगणारी अळी, आणि 2025 ची ट्रिक्सी म्हणजे निळी ट्रायसेराटॉप्स. टाय लावलेल्या लोकांसमोर मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलेलं आहे की, या तिमाहीत आपण अळीवरून डायनासोरवर जातोय. त्यांनी तितक्याच गंभीरपणे माना डोलावल्या आणि बजेट मंजूर केलं. एक नाव मात्र कधीच बदलत नाही: सिड. शेजारचा, खेळणी मोडणारा पोरगा. नवं सामान आधी उतरतं त्या कायमच्या अस्थिर शाखेचं हे नाव. बारसं करणाऱ्याला दंडवत!

याच सिडवर काम करताना मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की एसएसएचनं दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी चहा प्यायला असता. हा हात धुऊन मागं लागला. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनातून चोरदरवाजा निघाला. तो बसवणारा 'जिया टॅन' दोनेक वर्षं गोडीगुलाबीनं राबून देखभालीत भागीदार झाला होता. मूळ देखभाल करणारा लासे कॉलिन. वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्यानं, बिनपगारी. मनाची तब्येत बरी नसते, हे त्यानं 2022 मध्ये उघड लिहिलं होतं. तेव्हा अनोळखी नावं त्याला टोचत होती, की होत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. माझ्या इमेजांत त्याचं काम कित्येक वर्षं होतं. त्याचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते या भानगडीच्या बातमीत.

"त्याला पगार नाही?" काका भडकले. "आणि तुला?"

मी घाईनं धरणाच्या दरवाजांकडं वळलो.

"दर पावसाळ्याआधी दरवाजांना वंगण आम्ही द्यायचो," काका म्हणाले. "धरण भरलं की पुढारी येणार, जलपूजन करणार, पाण्याला खण-नारळ देणार. वंगणाचं पूजन केलेला पुढारी बघितलास का कधी?"

नाही बघितला. पाच एमबी मीच मिरवतो, तेही म्हणूनच असेल.

"आता पुढचं खेळणं कोणतं?"

"फोर्की. कचऱ्यातल्या काट्या-चमच्याला डोळे चिकटवून केलेलं. स्वतःला कचराच समजतं आणि सारखं डब्यात उडी मारतं."

"आणि त्याला तू सांभाळणार?"

"हो."

"मग पूजनाचा नारळ माझ्याकडून," काका म्हणाले. "पण तुझ्या पगाराचं राहिलंच की."