मोबाईल बंद ठेवा, स्कॅन करा

पेट्रोल पंपावर मोबाईल वापरण्यास सक्त मनाई असते. मशीनवर फुली मारलेल्या फोनचे चित्र असते आणि त्याच मशीनला टेकून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात, तेलकट बोटांच्या ठशांनी काळवंडलेला, लॅमिनेट केलेला क्यूआर कोड लोंबत असतो. फोनचा धोका २०१६ पर्यंत निर्विवाद होता. नोटाबंदीनंतर, त्या वर्षीच्या डिसेंबरात, पंपावर डिजिटल पैसे भरणाऱ्यांना केंद्र सरकारने पाऊण टक्का सूट जाहीर केली. ठिणगीने ते परिपत्रक वाचले असावे.

पेट्रोल मात्र परिपत्रके वाचत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची पेटण्याजोगी वाफ होते. ती हवेच्या तिपटीहून जड, म्हणून जमिनीलगत रेंगाळते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. फोनच्या लहरींनी अशी ठिणगी पडत नाही. बिघडलेली बॅटरी तत्त्वतः पाडू शकते. शिवाय अशा जागी वापरायची उपकरणे खास तपासून घ्यावी लागतात आणि खिशातल्या फोनची तशी तपासणी झालेली नसते. मनाईला आधार आहे तो एवढाच. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने इंधन भरताना लागलेल्या १५०हून अधिक आगींच्या नोंदी जमवल्या. मोबाईलवर एकही गुन्हा शाबीत झाला नाही. बहुतेक ठिकाणी आरोपी निघाली स्थिर वीज. नळी टाकीत अडकवायची, गाडीत जाऊन बसायचे, सीटवर कपडे घासत उतरायचे आणि तोच हात नॉझलला लावायचा, ही तिची कार्यपद्धती.

भारतात नॉझल कर्मचारी धरतो, त्यामुळे ग्राहकाला ही संधी सहसा मिळत नाही. ती कसर दुचाकीस्वार भरून काढतो. सायलेन्सर तापलेला, मागे कुटुंब बसलेले, पुढे टाकीचे झाकण उघडे. उतरायला सांगितले तर अपमान होतो. शेतावरच्या पंपासाठी प्लास्टिकच्या बाटलीतही पेट्रोल हवे असते, आणि प्लास्टिकवर साठलेली वीज जमिनीत उतरायला वाट नसते. या मंडळींना फुलीचे चित्र लागू नाही, कारण त्यांच्या हातात फोन नसतो.

फोनने होणारे रोजचे नुकसान वेगळेच आहे. नळी उचलताना कर्मचारी म्हणतो, ‘झीरो बघा, साहेब.’ साहेब तेव्हा रेंज शोधत असतात.