घोट्यापर्यंत बूट, मे महिना

पारा ४३ वर गेला की सोलापुरातली शहाणी माणसं पाय मोकळे सोडतात. नवरदेव मात्र नेमका तेव्हाच, घोट्याच्या वर चढणारे, आत अस्तर लावलेले चामडी बूट घालून मांडवात येतो. हे बूट बर्फासाठी आहेत, असं दुकानदार कशाला सांगेल? तो म्हणतो, ‘लई भारी दिसायलंय की!’

पावसाळ्यात तेच बूट काळ्या रानात उतरतात. आपली माती अशी चिकट, की चार पावलांत बुटाला दुसरा तळ लागतो, तोही फुकट. मग ते धुऊन थेट उन्हात ठेवायचे आणि चामडं तडकलं की कंपनीला शिव्या. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत सुकवावं, वरून तेलाचं बोट फिरवावं. पण यात मिरवायला काही नाही ना!

बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेली, चामड्याच्याच वादीनं शिवलेली कोल्हापुरी चप्पल मात्र इथल्या उन्हासाठीच जन्मलेली. तिच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदीत आठ जिल्हे आहेत, चार आपले, चार कर्नाटकातले. त्यांत सोलापूरही आहे. सोलापूरकराला हे सांगून पाहा, तो संशयानं बघेल. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. तेव्हा मात्र अस्मिता खवळली. निषेधाचे सेल्फीही निघाले, सगळे कमरेच्या वरचे.