सोबत न्यायचे दाजी

प्रत्येक गावात एक सोबत न्यायचा माणूस असतो. बैल घ्यायला, मुलगी बघायला, बोअरची जागा ठरवायला, तहसीलात अर्ज द्यायला. त्याला त्यातलं कळतं म्हणून नव्हे. नाही नेलं तर पुढे वर्षभर जे ऐकावं लागतं, त्यापेक्षा त्याची चहा-भजी स्वस्त पडतात म्हणून. आमच्या कडा गावात या पदावर दाजी आहेत. ते जावई एकाच घरचे, पण सासरीच मुक्काम ठोकल्यामुळे हळूहळू अख्ख्या गावाचे दाजी झाले. आणि जावयाचं बोलणं खोडायची रीत आपल्यात नाही. दाजींच्या ज्ञानाचं मूळ एवढंच.

पूर्वी ते काष्टीच्या बाजारात बैलाचे दात मोजायचे. दावणीचे बैल गेले, दारात मोटारसायकली आल्या. दाजींनी नुसतं गिऱ्हाईक बदललं. अजूनही नवी गाडी बघताना ते आधी पुढून वाकून बघतात. सवय.

2023 च्या दसऱ्याला आमच्या पुतण्याला शंभर सीसीची गाडी घ्यायची होती. अर्थात दाजी आलेच. नगरला जाताना रेल्वेनं, येताना गाडीवर, असा बेत. नगर-आष्टी रेल्वे सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून दाजी ती स्वतः मंजूर करून आणल्यासारखे खिडकीत बसतात.

शोरूममधल्या पोरानं हिशेबाचा कागद पुढं केला. गाडी, पासिंग, हेल्मेट. विम्यावर दाजींचं बोट थांबलं.

"हे पाच वर्षांचं काय लावलंय?"

"काका, थर्ड पार्टी पाच वर्षांचा कंपल्सरी आहे. कोर्टाचा आदेश आहे."

"आमच्या गाडीचं कोर्टाला काय पडलंय?"

पडलं होतं, आणि ते एका हाडांच्या डॉक्टरमुळे. कोइमतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी 2012 मध्ये रस्त्यांवरच्या अपघातांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मोडलेली हाडं आयुष्यभर जोडणाऱ्या माणसाला ती मुळात मोडू नयेत असं वाटावं, हे मला तरी फार मोठं वाटतं. त्याच प्रकरणात न्यायालयापुढे आलं की रस्त्यावरच्या अठरा कोटी गाड्यांपैकी जेमतेम सहा कोटींचाच विमा आहे. लोक शोरूममधून निघताना विमा काढत आणि वर्ष सरलं की विसरत. म्हणून 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

दाजी भावावर आले. "ठोकात घेतो म्हणल्यावर सूट पायजे."

इथं दाजी चुकून बरोबर होते. जून 2022 च्या सरकारी दरांत 75 ते 150 सीसीच्या गाडीला वर्षाचे 714 रुपये; पाच वर्षांचे एकदम 3,851, वर कर. सातशे चौदा पाच वेळा मांडा, 3,570 होतात. म्हणजे पोतं घेतलं तर किलोमागं भाव जास्त! शोरूमवाल्यानं सांगितलं, "मधे दर वाढले तरी तुम्हाला वाढ लागणार नाही." दाजींनी मान हलवली. कांद्याला असा बांधलेला दर मिळाला असता तर त्यांनी मिठी मारली असती.

"आणि थर्ड पार्टी म्हणजे?" पुतण्यानं विचारलं.

दाजींनी शोरूमवाल्याला हातानंच थांबवलं. "अरे, तिसरी आघाडी. निवडणुकीपुरती लागते, कामाला कधी येत न्हाई."

पोरगं बिचारं सांगत होतं : पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी, तिसरा म्हणजे आपल्या गाडीनं ज्याला लागलं तो. त्याची भरपाई कंपनी देणार. आपली गाडी मोडली तर तो विमा वेगळा, एकाच वर्षाचा. दर वर्षी नवा काढायचा. मालक स्वतः चालवताना गेला तर पंधरा लाखांचा अपघात विमा, तोही लायसन असेल तरच. एवढं स्वच्छ कुणी सांगत नाही. पण तेव्हा दाजी गाडीला हार घालत होते.

गावात शिरेपर्यंत निकाल लागला होता. स्टँडसमोर पेढे वाटताना दाजी ज्याला त्याला सांगत होते, "पाच वर्षांचा फुल काढलाय. आता गाडी हिरीत पडली तरी कंपनी बाहेर काढून देती."

गाडी विहिरीत पडली नाही. जानेवारी 2025 मध्ये धानोऱ्याजवळ खडीवर घसरली. मागं दाजीच होते. त्यांना खरचटलं, हेडलाइट, हँडल, लेगगार्ड गेलं. दाजी तिथूनच सगळ्यांना फोनवर सांगत होते, "काळजी नको, फुल हाय."

गॅरेजवाल्यानं पॉलिसी बघितली. तिच्यावर दोन तारखा होत्या. गाडीच्या नुकसानीची मुदत ऑक्टोबर 2024 मध्येच संपलेली. थर्ड पार्टी ऑक्टोबर 2028 पर्यंत. साडेसहा हजारांचं बिल पुतण्यानं खिशातून भरलं.

"दाजी, तुम्ही तर पाच वर्षं म्हणाला होता."

"पाच वर्षंच म्हणलो. कुणाची, ते इचारलं का तुम्ही?"

खुद्द दाजींची गाडी 2015 ची. तिचा विमा पहिल्या वर्षानंतर कधीच निघाला नाही. "तो कायदा अठरानंतरच्या गाड्यांना," असं ते ठासून सांगतात. पाच वर्षांची सक्ती नव्या गाड्यांना, हे खरं. पण थर्ड पार्टी विमा 1988 च्या कायद्यानं प्रत्येक गाडीला लागतो आणि नसला तर पहिल्या खेपेला दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. त्यांनी दुसऱ्या चहाची ऑर्डर दिली. माझ्या नावावर.

पण बोलणं कुठंतरी लागलं असावं. हल्ली त्यांची गाडी गोठ्यात झाकून असते आणि नगरला जायचं झालं की दाजी आमच्या पुतण्याची गाडी मागून नेतात. तिची मुदत त्यांना तोंडपाठ आहे.