‘लेक’चा वाक्यात उपयोग

इंग्रजीतले ‘लेक’ हे नाम वाक्यात अचूक कसे वापरावे, हे शिकायला आता लंडनला जायची गरज नाही; बेंगळुरू पुरे. ‘लेकमध्ये बदके पोहतात’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य जुनाट झाले. ‘लेकमधून बस सुटते’ म्हणा. मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्माम्बुधी तळ्यावरच उभे आहे. ‘ती लेकमध्ये शंभर मीटर धावली’ हेही शुद्ध. कंठीरव स्टेडियमच्या जागी पूर्वी संपंगी तळे होते. भूतकाळ शिकवायची एवढी सोय दुसऱ्या कोणत्या शहराने केली आहे?

तिथल्याच बेळ्ळंदूर तळ्याने तर क्रियापदांची ददातही मिटवली. पूर्वी लेक फक्त भरे किंवा आटे. आता तो फेसाळतो, रस्त्यावर येतो, पेटतोसुद्धा. सांडपाणी कोणी सोडले, असे विचारून कर्ता शोधत बसू नये. अशा वेळी प्रयोग कर्मणीच बरा. ‘लेक व्ह्यू’ सदनिका विकणाऱ्यांनी तेवढे एक करावे: तरणतलावाशेजारी अग्निशामक बंबाचीही जागा दाखवावी.

सरावासाठी एक वाक्य, वाटल्यास पाठ करा: जानेवारी २०१८ मध्ये लेक विझवायला लष्कराचे सुमारे ५,००० जवान लागले.