आमचे चिंतन आणि आंबट ढेकर

सारे जग निजलेले असता जो जागा असतो तो संयमी, असा निर्वाळा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मिळत असल्यामुळे, रात्री दोनच्या सुमारास अंथरुणात उठून बसण्याची माझी सवय हे एका मोठ्या चिंतकाचे लक्षण आहे, याविषयी मला तिळमात्र संदेह नव्हता. छातीत जे पेटते ती समाजाविषयीची तळमळ, आणि घशाशी जे येते ते युगाचे कटु सत्य, असा अर्थ मी काळोखात लावीत असे. "यांना विचारांनी झोप लागत नाही," असे आमची सौ. पाहुण्यांना सांगे, तेव्हा मी विनयाने मान खाली घालीत असे. कारण तसे करताना ढेकरही दाबता येई.

एका डॉक्टर स्नेह्याने या चिंतनाचा पंचनामा दोनच प्रश्नांत उरकला: जेवता केव्हा आणि निजता केव्हा? साडेनऊला आणि दहाला, आणि जेवणात बहुधा कांदाभजी, हे ऐकून त्याने माझे संयमीपद जागच्या जागी खालसा केले. अन्ननलिका आणि जठर यांच्या वेशीवर स्नायूंचे एक कडे पहाऱ्याला असते. मनुष्य उभा असेतो गुरुत्वाकर्षण त्याच्या मदतीला असते, आणि नजर चुकवून वर आलेले आम्ल गिळलेल्या लाळेबरोबर खाली जाते. आडवे होताच ही मदत सुटते. झोप लागली की लाळ आटते, गिळणेही जवळजवळ तहकूब होते, आणि आम्ल वरच मुक्काम ठोकते. शिवाय झोप अपुरी झाली की अन्ननलिका हळवी होऊन तेवढ्याच आम्लाने अधिक जळजळते.

जेवणानंतर 3 तास निजू नये, निजावे ते डाव्या कुशीवर, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खालच्या अंगाला राहते, आणि पलंगाची उशाकडची बाजू 6 ते 8 इंच उचलावी, असे फर्मान सुटले. उशांची चळत चालणार नव्हती; तिने माणूस कमरेत मोडतो आणि पोटावर दाबच वाढतो. तेव्हा परसातल्या विटा आल्या. त्यांतल्या दोन निराळ्या भट्टीच्या निघाल्यामुळे डावा पाय बुटका राहिला, त्याखाली गेल्या सालच्या पंचांगाची घडी सारावी लागली, आणि सारे ग्रह माझ्या पलंगाखाली आले. गोधडी मध्यरात्रीच पायथ्याशी जाई आणि पहाटेपर्यंत आम्ही उभयता तिच्या भेटीस पोहोचत असू. विटेचा महिमा महाराष्ट्राला मी सांगावा असे नाही. पण पंढरीचा पांडुरंग विटेवर उभा आहे, निजलेला नाही, ही बाब माझ्या ध्यानी फार उशिरा आली. सौ.ने उतारावरच्या या संसाराविरुद्ध तोंडी तक्रार गुदरली, ती मी दाखल करून घेतली नाही.

माझे वडील अखेरची काही वर्षे रात्री ओसरीवरच्या आरामखुर्चीत काढीत. ते घराची राखण करतात असे समजून आम्ही मुले निर्धास्त झोपत असू. खुर्चीच्या कापडावर मानेच्या जागी तेलाचा काळा डाग पडला होता. खाली खायच्या सोड्याच्या पाण्याचे फुलपात्र असे, आणि आई ते सकाळी मुकाट्याने घासायला टाकी. त्यांना काय होते, हे घरात कोणी विचारले नाही. विचारते, तर 'पित्त' एवढे म्हणून त्यांनी विषय बदलला असता, हेही खरे. पण विचारायला हवे होते.

आता अर्ज एवढाच, की लग्नपत्रिकेवर मुहूर्ताची मिनिटेसुद्धा छापणाऱ्या यजमानांनी पाने मांडण्याची वेळही छापावी. ती सायंकाळी सातची असल्यास मी अगत्याने येईन आणि जिलबीचा आग्रहही मोडणार नाही. साडेनऊची असल्यास आहेर तेवढा कुणाबरोबर तरी पोहोचता करीन.