पोटाला जपणारी माणसं

आपली माणसं परदेशात निघाली की तब्येतीची काळजी आधी घेतात, आणि तब्येत म्हणजे पोट. व्हिसा हातात पडायच्या आत मेतकूट दळून तयार असतं. मागोमाग शेंगदाण्याची चटणी, भडंग, ओवा, इसबगोल. झुरिक शहरात हजारावर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी खुशाल ओंजळीनं प्यावं असं असतं. पण आपली मंडळी त्यांच्यासमोर फोटो काढतात आणि पलीकडच्या दुकानातून बाटली विकत घेतात. परक्या पाण्याचा काय भरवसा!

आमच्या मामींचा औषधांचा डबा तर बघण्यासारखा. बामच्या रिकाम्या बाटलीत हिंगाष्टक, पावडरच्या डबीत खाण्याचा सोडा, रबरबँड लावलेल्या प्लॅस्टिकच्या पुडीत सुंठ. जागा वाचावी म्हणून गोळ्या पाकिटातून काढून एकाच पिशवीत घातलेल्या. कुठली गोळी कशावर, हे मामींना रंगावरून कळतं. कस्टमच्या माणसाला पांढऱ्या पुडीच्या रंगावरून भलतंच काही कळू शकतं. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा म्हटलं, तर मामींचं उत्तर तयार : "मेला सोडा खायला चिठ्ठी कशाला?"

दुबईच्या भाच्यासाठी फराळ नेताना मात्र त्यांनासुद्धा नमतं घ्यावं लागलं. खसखस येते अफूच्या बोंडातून, आणि संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. मग ती अनारशाला लावलेली असो की करंजीच्या सारणात दडलेली. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही तिथं आधी परवानगी काढावी लागते. सुकं खोबरं तर विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे; त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याची चटणी करतोय!

गंमत अशी, की एवढं पोट सांभाळताना बाकीचा देह बेवारशी राहतो. केनियाला निघालेला माणूस सिंहाच्या गोष्टी करतो आणि डासाला विसरतो. डासातून पसरणाऱ्या पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. ती घेतल्याच्या पिवळ्या कार्डावाचून परत आलं, तर आपलंच सरकार 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. विमानात खिडकीशी बसलेला सज्जन शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून उठत नाही, आणि उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. तासन्‌तास असं बसून पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. शेजाऱ्याला दोनदा उठवणं हेच खरं पथ्य.

आणि रस्ता! लंडनमध्ये रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'उजवीकडे बघा' असं रंगवलेलं असतं. ते आपल्यासाठी नाही. वाहनं उजव्या बाजूनं चालतात अशा देशांतल्या पाहुण्यांसाठी आहे. आपण तिथं घरच्यासारखे चालतो. खाडी ओलांडून पॅरिसला उतरलो, की बालपणापासून अंगात मुरलेली शिस्तच उलटते. आपण इमानदारीनं उजवीकडे बघतो, रस्ता मोकळा दिसतो, पाऊल टाकतो, आणि गाडी डावीकडून येते. मदतीसाठी युरोपभर 112 नंबर चालतो, भारतातही तोच. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही सक्तीचा असतो. त्या विम्याचा कागद कुठं असतो म्हणाल, तर बॅगेच्या तळाशी, मेतकुटाच्या डब्याखाली.

रात्री घरून फोन येतो. "पोट बरं आहे ना? बाहेरचं काही खाल्लं नाहीत ना?" चौकशी प्रेमाचीच असते, तक्रार नाही. पण "आज रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघितलंत ना?" असं विचारणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.